डोमेन नावाचा पत्ता कसा सापडतो आणि तो बदलताना काय सांभाळावे

डोमेन घेतले, होस्टिंग घेतले, संकेतस्थळही तयार झाले. तरी कार्यालयातल्या एका संगणकावर नवे पान उघडते, शेजारच्या संगणकावर जुनेच दिसते आणि मोबाइलवर तर काहीच येत नाही. स्वतःचा तंत्रज्ञ नसलेल्या शाळा, पतसंस्था, ग्रंथालये आणि छोट्या व्यवसायांना ही अडचण हमखास येते आणि त्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : २४ ते ४८ तास थांबा, बदल जगभर पसरतो आहे. हे उत्तर अपुरे तर आहेच, शिवाय त्यातून यंत्रणेचे चुकीचे चित्र मनात तयार होते. जगभरच्या संगणकांना तुमचा बदल कोणीही कळवत नाही. आधीच्या उत्तराच्या प्रती ठिकठिकाणी साठवलेल्या असतात, प्रत्येक प्रतीला सेकंदांत मोजलेली मुदत असते, आणि ती मुदत संपल्यावर कोणीतरी पुन्हा प्रश्न विचारतो तेव्हाच नवे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणून नावाच्या कोणत्याही अडचणीत दोनच गोष्टी शोधायच्या असतात : उत्तर कोणी दिले, आणि ते किती वेळ खरे धरायचे आहे. त्या कशा शोधायच्या, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

नाव उजवीकडून वाचावे

इंटरनेटवरचा प्रत्येक सर्व्हर अंकांच्या पत्त्यावर सापडतो. आयपी, म्हणजे इंटरनेटवर पत्ते देण्याची नियमावली, तिच्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ बिटांचा असतो आणि ८.८.८.८ असा चार भागांत लिहितात. सहाव्या आवृत्तीत तो १२८ बिटांचा, म्हणजे बराच लांब असतो. माणसे मात्र नावे लक्षात ठेवतात. आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपाच्या, काळात नाव आणि पत्ता यांची सगळी यादी एकाच फाइलमध्ये होती. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि जोडलेले सर्व संगणक ती फाइल तेथून उतरवून घेत. जोडलेल्या संगणकांची संख्या वाढत गेली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची, म्हणजे डीएनएसची, रचना मांडली. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेले आरएफसी १०३४ आणि १०३५ हे दस्तऐवज आजही तिचा पाया आहेत. चार दशकांत इंटरनेट कित्येक पटींनी वाढले, पण हा पाया बदलावा लागला नाही, ही मला संगणकशास्त्रातील फार मोठी कामगिरी वाटते.

या रचनेचे मर्म अधिकार वाटून देण्यात आहे. राज्यातल्या सगळ्या जमिनींचे सातबारे मंत्रालयातल्या एका कपाटात नसतात. जिल्हा तालुक्याकडे बोट दाखवतो, तालुका तलाठ्याकडे, आणि नोंद शेवटी तलाठ्याच्या दप्तरात सापडते. डीएनएसमध्येही वरचा स्तर स्वतः पत्ता सांगत नाही, फक्त खालच्या स्तराकडे पाठवतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम हे नाव उजवीकडून वाचले की हा क्रम स्पष्ट दिसतो. अगदी शेवटी, सहसा न लिहिला जाणारा, एक टिंब असतो आणि तेच मूळ, म्हणजे रूट. मग कॉम, मग एक्झाम्पल, आणि शेवटी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. दोन टिंबांमधला प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असू शकतो. एक्झाम्पल.कॉम हे नाव शिकवण्यासाठी आणि उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहे, त्यामुळे खालील सर्व प्रयोग त्याच्यावर निर्धास्तपणे करता येतात.

उजवीकडून वाचण्याची सवय सुरक्षिततेसाठीही मोलाची आहे. नावात डावीकडे काय लिहायचे हे त्या नावाचा मालक ठरवतो. उजवीकडचा भाग कोणाच्या ताब्यात आहे यावर विश्वास अवलंबून असतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातील बँकांसाठी बँक.इन हा राखीव शेवट आणला, त्यामागचा विचार हाच आहे. संदेशातून आलेल्या दुव्यात बँकेचे नाव डावीकडे कितीही ठळक असले, तरी शेवटचे दोन तुकडे काय आहेत ते आधी पाहावे.

प्रश्न कोणत्या वाटेने जातो

ब्राउझरमध्ये नाव लिहिल्यावर तो सर्वांत आधी स्वतःचा साठा, म्हणजे कॅशे, पाहतो. तेथे उत्तर नसेल तर तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. तिचाही साठा असतो, आणि त्याच्या जोडीला होस्ट्स नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. जुन्या आर्पानेटच्या यादीचा हा वारसा अजून प्रत्येक संगणकात टिकून आहे, आणि त्यात लिहिलेली नोंद बाहेर प्रश्न न विचारता खरी धरली जाते. तेथेही उत्तर मिळाले नाही तर प्रश्न रिझॉल्व्हरकडे, म्हणजे तुमच्या वतीने उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरकडे, जातो. हा रिझॉल्व्हर बहुधा तुमच्या इंटरनेट पुरवठादाराचा असतो, अनेकदा घरातल्या राउटरमार्फत गाठलेला. काही जण गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ असा सार्वजनिक रिझॉल्व्हर निवडतात.

खरी धावपळ रिझॉल्व्हर करतो. त्याच्याकडे रूट सर्व्हरांचे पत्ते आधीपासून दिलेले असतात, कारण कुठून तरी सुरुवात करावीच लागते. रूट सर्व्हरांची नावे १३ आहेत, ए पासून एम पर्यंत, आणि ती १२ संस्था चालवतात. पण प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेल्या अनेक यंत्रांच्या प्रती असतात आणि एकाच पत्त्यावर पाठवलेला प्रश्न जाळ्याच्या दृष्टीने जवळच्या प्रतीकडे पोहोचतो. अशा प्रती मुंबईतही आहेत. रूट सर्व्हर सांगतो, ‘कॉमचे सर्व्हर हे आहेत, त्यांना विचार.’ कॉमचा सर्व्हर सांगतो, ‘एक्झाम्पल.कॉमचे नेमसर्व्हर हे आहेत.’ तो नेमसर्व्हर, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर, मात्र अधिकृत असतो; तो प्रत्यक्ष पत्ता देतो आणि त्यासोबत टीटीएल, म्हणजे ते उत्तर किती सेकंद साठवून वापरायचे, तो आकडा देतो. रिझॉल्व्हर तितका वेळ ते जपून ठेवतो आणि त्या काळात विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याच प्रतीतून उत्तर देतो. वाटेत कळलेली कॉमच्या सर्व्हरांची माहितीही तो साठवतो, त्यामुळे त्याला प्रत्येक वेळी मुळापासून सुरुवात करावी लागत नाही.

येथे एक गाठ आहे, ती सोडवून पुढे जाऊ. एखाद्या डोमेनचा नेमसर्व्हर त्याच डोमेनमधला असेल, उदाहरणार्थ एक्झाम्पल.कॉमचा नेमसर्व्हर एनएस१.एक्झाम्पल.कॉम, तर त्याचा पत्ता शोधण्यासाठी त्यालाच विचारावे लागेल. हा फेरा तोडण्यासाठी वरच्या स्तरावर नेमसर्व्हरच्या नावासोबत त्याचा अंकी पत्ताही नोंदवतात. त्या नोंदीला ग्लू रेकॉर्ड म्हणतात. स्वतःचा नेमसर्व्हर चालवणाऱ्याने त्याचा पत्ता बदलला आणि रजिस्ट्रारकडची, म्हणजे डोमेन जिच्याकडून घेतले त्या कंपनीकडची, ग्लू नोंद तशीच राहू दिली, तर संपूर्ण डोमेन बंद पडू शकते.

स्वतः तपासून पाहावे

पुढील आज्ञा टर्मिनलमध्ये किंवा कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत टंकायच्या आहेत; येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. विंडोजवर ‘एनएसलुकअप’ हे साधन आधीपासूनच असते. त्यापुढे जागा सोडून नाव लिहिले की उत्तरात आधी रिझॉल्व्हरचा पत्ता येतो आणि मग नावाचा. साठ्यातून आलेले उत्तर असेल तर ते अधिकृत नसल्याची ओळही वर छापली जाते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही, तो दोष नसून उत्तर प्रतीतून आल्याची सूचना आहे. कोणत्या रिझॉल्व्हरला विचारायचे ते ठरवायचे असेल तर नावानंतर त्याचा पत्ता लिहावा. पुरवठादाराचा रिझॉल्व्हर आणि ८.८.८.८ यांची उत्तरे निराळी आली, तर बहुधा दोघांपैकी एकाकडे जुनी प्रत असते. क्वचित मोठ्या सेवा विचारणाऱ्याच्या ठिकाणानुसार जाणूनबुजून वेगळा पत्ता देतात, पण छोट्या संकेतस्थळाच्या बाबतीत ही शक्यता कमी असते.

मॅक आणि लिनक्सवर मला ‘डिग’ हे साधन अधिक भरवशाचे वाटते, कारण ते काहीही लपवत नाही. ‘डिग’ आणि पुढे नाव एवढेच लिहिले तरी उत्तराच्या ओळीत नावाशेजारी टीटीएलचा आकडा दिसतो. तीच आज्ञा थोड्या वेळाने पुन्हा द्यावी. आकडा उतरत असेल, समजा ३०० होता तो आता २६२ झाला असेल, तर तुम्ही साठवलेली प्रत पाहत आहात आणि तिची उरलेली मुदत तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आता नेमसर्व्हरलाच थेट विचारावे : ‘डिग’, मग ॲट चिन्हाला जोडून नेमसर्व्हरचे नाव, मग तुमचे डोमेन. या वेळी आकडा दर वेळी पूर्णच दिसतो आणि उत्तराच्या वरच्या भागात ‘एए’ हा झेंडा असतो. हे अधिकृत उत्तर होय. नेमसर्व्हर कोणते हे माहीत नसेल तर डोमेनपुढे ‘एनएस’ लिहून ते विचारता येते.

या दोन उत्तरांची तुलना हा सगळ्या तपासणीचा कणा आहे. अधिकृत नेमसर्व्हर नवा पत्ता देतो आणि रिझॉल्व्हर जुना देतो, तर तुमच्या नोंदी बरोबर आहेत आणि फक्त मुदत संपण्याची वाट पाहायची आहे. अधिकृत नेमसर्व्हरच जुना पत्ता देत असेल, तर कितीही तास थांबून उपयोग नाही; नोंद चुकीच्या ठिकाणी बदलली आहे. डोमेन एका कंपनीकडे, नेमसर्व्हर दुसरीकडे आणि होस्टिंग तिसरीकडे असेल, तर असे सहज घडते, कारण तिन्ही ठिकाणी नोंदी बदलण्याचे पान दिसते आणि प्रत्यक्षात त्यांपैकी एकच पान जगाला दिसत असते.

पूर्ण वाट पाहायची असेल तर ‘डिग’नंतर अधिक चिन्ह जोडून ‘ट्रेस’ लिहावे. मग ते साधन रूटपासून स्वतः प्रश्न विचारत जाते आणि प्रत्येक स्तराचे उत्तर छापते. आधी रूट सर्व्हरांची यादी येते, मग कॉमच्या सर्व्हरांची, त्यांच्यासोबत १७२८०० हा टीटीएल, म्हणजे बरोबर दोन दिवस, आणि अखेरीस प्रत्यक्ष पत्ता. वाट जेथे तुटते, तेथेच दोष असतो.

उत्तर आलेच नाही तर ते कसे आले नाही, यालाही अर्थ आहे. ‘एनएक्सडोमेन’ असे आले तर ते नाव अस्तित्वातच नाही असे अधिकृतपणे सांगितले गेले आहे. शुद्धलेखन तपासावे, नोंद राहून गेली आहे का ते पाहावे, डोमेनची मुदत संपली नाही ना याचीही खात्री करावी. ‘सर्व्हफेल’ आले तर रिझॉल्व्हरला विश्वासार्ह उत्तर मिळवता आले नाही. नेमसर्व्हर बिघडलेले असतात किंवा डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर खरे असल्याची खात्री पटवणाऱ्या यंत्रणेच्या, स्वाक्षऱ्या जुळत नाहीत. नुसताच वेळ संपून गेला तर प्रश्न पोहोचलाच नाही; डीएनएसचा संवाद पोर्ट ५३ वरून, बहुतांशी यूडीपीने आणि मोठी उत्तरे असतील तर टीसीपीने होतो, तो फायरवॉलने अडवला आहे का ते बघावे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम काही तास बंद होते. तेव्हा त्यांच्या नेमसर्व्हरांकडे नेणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. नावांच्या नोंदी जागच्या जागी होत्या, पण त्या विचारायला कोणाला पोहोचता येत नव्हते.

एखाद्याच संगणकावर जुने उत्तर अडकले असेल तर त्याचा साठा रिकामा करावा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ आणि पुढे तिरक्या रेघेसह ‘फ्लशडीएनएस’ ही आज्ञा द्यावी. त्याच ठिकाणी ‘डिस्प्लेडीएनएस’ लिहिले तर साठ्यात काय आहे तेही वाचता येते. त्यानंतर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा. तरीही फरक पडला नाही तर होस्ट्स फाइल जरूर उघडून पाहावी. कोणीतरी कधी चाचणीसाठी लिहिलेली एखादी ओळ तेथे वर्षानुवर्षे पडून राहिलेली असू शकते.

देवनागरी नावांसाठी एक जोड द्यायला हवी. .भारत हा देवनागरी शेवट २०१४ पासून उपलब्ध आहे, पण आतल्या व्यवहारात डीएनएस नावे इंग्रजी अक्षरांतच चालवते. म्हणून देवनागरी नावाचे प्युनीकोड या पद्धतीने रूपांतर होते आणि त्याचा प्रत्येक तुकडा ‘एक्सएन’ व दोन जोडरेघांनी सुरू होतो. जुन्या साधनांत नाव देवनागरीत टाकून उत्तर आले नाही, तर हे रूपांतरित नाव वापरून पाहावे. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीची नावे यंत्रणेच्या लेखी सर्वस्वी वेगळी असतात, हेही नाव घेतानाच ध्यानात ठेवावे.

संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर नेताना

आधी पत्ता बदलायचा आहे की नेमसर्व्हर, हे ठरवावे, कारण या दोन कामांच्या मुदती वेगळ्या आहेत. केवळ ए नोंद, म्हणजे चौथ्या आवृत्तीचा पत्ता, बदलायची असेल तर मुदत तुमच्याच नेमसर्व्हरवरचा टीटीएल ठरवतो. नेमसर्व्हर बदलायचे असतील तर वरच्या स्तरावरची मुदत लागू होते, आणि डॉट कॉमसाठी ती वर पाहिलेली दोन दिवसांची आहे. ‘४८ तास’ हा सल्ला तेथे सार्थ ठरतो. साध्या पत्ताबदलाला तोच सल्ला देणे म्हणजे ग्राहकाला विनाकारण ताटकळत ठेवणे आहे.

पत्ता बदलण्याचे काम असे करावे. सध्याचा टीटीएल ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर बदलाच्या किमान एक दिवस आधी तो ३०० वर आणावा. हा कमी केलेला आकडासुद्धा जुन्या प्रती संपल्यावरच इतरांना कळतो, म्हणून पूर्ण जुनी मुदत उलटू द्यावी लागते. घाईत नेमका हाच टप्पा वगळला जातो. दरम्यान नव्या सर्व्हरवर सगळी माहिती चढवावी आणि स्वतःच्या संगणकावरील होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता व नाव लिहून संकेतस्थळ तपासावे. जगाला जुना सर्व्हर दिसत असताना तुम्हाला नवा दिसेल, आणि अर्ज, शुल्कभरणा, छायाचित्रे यांतले दोष आधीच सापडतील. तपासणी झाली की ती ओळ काढून टाकावी. त्यानंतर ए नोंद बदलावी, आणि सहाव्या आवृत्तीची एएएए नोंद असेल तर तीही. ती विसरली तर काही लोकांना, विशेषतः मोबाइलवरून येणाऱ्यांना, जुनाच सर्व्हर दिसत राहतो आणि कारण चटकन लक्षात येत नाही.

नवी उपनावे जोडताना उलटा क्रम टाळावा. नोंद करण्याआधीच नाव ब्राउझरमध्ये टाकून पाहिले, तर ‘असे नाव नाही’ हे उत्तरही रिझॉल्व्हर साठवतो, आणि त्याची मुदत डोमेनच्या एसओए नोंदीतून, म्हणजे डोमेनची प्रशासकीय माहिती असलेल्या नोंदीतून, ठरते. आधी नोंद करावी, अधिकृत नेमसर्व्हरला थेट विचारून ती दिसते याची खात्री करावी, आणि मगच नाव उघडावे. दुसरे नाव दाखवणारी सीनेम नोंद डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसारख्या उपनावाला देता येते. मुख्य डोमेनला नियमाने देता येत नाही, कारण तेथे एनएस आणि एसओए नोंदी असाव्याच लागतात आणि सीनेमच्या शेजारी त्या चालत नाहीत.

नेमसर्व्हर बदलण्याचे काम याहून नाजूक आहे, आणि त्यात सर्वाधिक हानी ईमेलची होते. ईमेल कोठे पोचवायचा हे एमएक्स नोंद सांगते, आणि पाठवलेली पत्रे खरी मानली जावीत यासाठी टीएक्सटी नोंदींमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमची माहिती असते. नव्या नेमसर्व्हरवर केवळ संकेतस्थळाची नोंद केली आणि या राहून गेल्या, तर संकेतस्थळ उत्तम दिसते आणि ईमेल येणे गुपचूप थांबते. कित्येकदा ते काही दिवसांनी, कोणीतरी फोन करून विचारल्यावर उमगते. म्हणून जुन्या ठिकाणच्या सगळ्या नोंदी आधी उतरवून घ्याव्यात, नव्या ठिकाणी जशाच्या तशा भराव्यात, आणि नव्या नेमसर्व्हरला ॲट चिन्हाने थेट विचारून प्रत्येक नोंद जुळवावी. रजिस्ट्रारकडचा बदल त्यानंतरच करावा.

डीएनएससेक चालू असेल तर आणखी एक पायरी आहे. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी रिझॉल्व्हरच्या साठ्यात खोटे उत्तर घुसवण्याची सोपी रीत दाखवून दिली, त्यानंतर स्वाक्षरीच्या उत्तरांची निकड सर्वांना पटली, आणि जुलै २०१० मध्ये रूटवर स्वाक्षऱ्या लागू झाल्या. तुमच्या डोमेनच्या किल्लीची खूण डीएस नोंद म्हणून वरच्या स्तरावर असते. नेमसर्व्हर बदलले आणि जुनी डीएस नोंद तशीच राहिली, तर स्वाक्षऱ्या जुळत नाहीत आणि तपासणी करणारे रिझॉल्व्हर तुमचे डोमेन पूर्णपणे नाकारतात. दोन्ही सेवांमध्ये किल्ल्यांची देवाणघेवाण करून बदल करता येतो, पण छोट्या संस्थेसाठी सरळ मार्ग असा : आधी डीएस नोंद काढावी, तिची मुदत संपू द्यावी, मग नेमसर्व्हर बदलावेत, आणि सारे स्थिरावल्यावर नवी डीएस नोंद करावी.

बदलानंतर जुना सर्व्हर आणि जुने नेमसर्व्हर दोन्ही काही दिवस चालू ठेवावेत. टीटीएलपेक्षा अधिक काळ प्रत धरून ठेवणारे रिझॉल्व्हर आणि उपकरणे व्यवहारात भेटतात. जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदवहीत, खऱ्या वाचकांच्या भेटी येणे थांबले आहे का ते रोज पाहावे. त्या थांबल्या की टीटीएल पुन्हा ३६०० किंवा त्याहून वर न्यावा, म्हणजे तुमच्या नेमसर्व्हरांवर अल्पकाळ संकट आले तरी साठवलेल्या प्रतींवर वाचकांचे काम भागेल, आणि त्यानंतरच जुन्या होस्टिंगचे खाते बंद करावे.